रोज तीच यादी, रोज तीच क्षमायाचना. मग बदल का होत नाही?

प्रभूमध्ये सलाम, ताई.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोपरखैरण्यात घर, ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्सचं काम, घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर तुम्ही प्रभूपुढे यादी म्हणता: राग, आळस, मोबाईल, शास्त्रवाचन राहिलं. क्षमा मागून झोपता आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तीच यादी. गेले दोन महिने प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) रविवारी तुम्ही पुढे न जाता बाकावरच बसून राहिलात, कारण ‘मी लायक नाही’. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलं आहे: ‘चाळिशी आली, पण देवाने मला कशासाठी ठेवलंय तेच कळत नाही.’ हे शेवटचं वाक्य बाकीच्या सगळ्याशी जोडलेलं आहे. त्याकडे येतोच.

आधी यादीकडे बघू. राग, आळस, मोबाईल ही कप्प्यांची नावं झाली. वर्षअखेरीला कुणी ‘किरकोळ खर्च’ या एका ओळीत मोठी रक्कम टाकली तर ऑडिटर व्हाउचर मागतातच: तारीख कुठली, रक्कम किती, कुणाला, कशासाठी. ‘प्रभू, माझ्या रागाबद्दल क्षमा कर’ ही प्रार्थना त्या ओळीसारखी आहे. तिच्यात खोटं काही नाही, पण आत काय दडलंय ते तुम्हालाच दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते उद्या सुधारणार कसं? देवाला व्हाउचर नको आहे, त्याला सगळं ठाऊक आहे. ते आपल्याला हवं आहे.

आणखी एक. १ करिंथ ११:२८ मध्ये, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, प्रेषित पौल स्वतःची परीक्षा करायला सांगतो, तिथे मूळ ग्रीक शब्द ‘दोकिमाझो’ असा आहे. धातूची पारख करणं यासाठीही तो वापरला जाई. सोनार कसोटीवर दागिना घासतो तेव्हा त्याला सोनं किती आणि भेसळ किती हे दोन्ही बघायचं असतं. तुम्ही रोज नुसती भेसळ मोजता आहात. अशाने माणूस दमतो, सुधारत नाही.

आत्मपरीक्षणाची सर्वांत नीट बांधलेली रीत १६व्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिली. ते येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघाचे संस्थापक, म्हणजे कॅथलिक. पण ही रीत शास्त्राला धरून आहे आणि प्रोटेस्टंट मंडळीतल्या (चर्चमधल्या) माणसालाही ती निःशंकपणे वापरता येते. तिचे भाग पाच: आभार, प्रकाश मागणं, दिवस तपासणं, क्षमा, उद्याचा निश्चय. शेवटी प्रभूची प्रार्थना. रोज १५ मिनिटं, घड्याळ लावून. जास्त नको.

हे अंथरुणावर करू नका. दमलेल्या शरीराला एक तर झोप लागते, नाहीतर सगळंच काळंकुट्ट दिसतं. संध्याकाळच्या ट्रान्स-हार्बर गाडीतही नको; ठाण्याहून सुटलेल्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ, तिथे मन आत वळत नाही. गाडीत फार तर आभाराचा भाग करा: दिघा गाव येईपर्यंत आजच्या तीन गोष्टी आठवायच्या. बाकीचं घरी, भांडी आवरून झाल्यावर, खुर्चीत ताठ बसून. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. समोर १०० पानी एकरेघी वही. दिवसाला अर्धं पान पुरतं. नावांऐवजी आद्याक्षरं लिहा, आणि दुसऱ्यांच्या चुका त्या वहीत अजिबात लिहू नका. ती वही उद्या घरातल्या कुणाच्या हाती पडली तरी कुणाचं मन दुखायला नको.

आभाराला २ मिनिटं. तीन गोष्टी, पण त्याही व्हाउचरसकट. ‘कुटुंबाबद्दल धन्यवाद’ हा पुन्हा किरकोळ खर्च झाला. ‘सकाळी सासूबाईंनी न सांगता दोन्ही डबे भरून ठेवले’ असं हवं. हा भाग पुष्कळ जण गाळतात आणि तिथेच पुढचं सगळं बिघडतं. आपल्यावर कुणाचं प्रेम आहे हे आधी आठवलं नाही, तर चुका बघायची हिंमतच होत नाही. माणूस मग झाकपाक करतो.

प्रकाश मागायला १ मिनिट. स्तोत्र १३९ चं शेवटचं मागणं आपल्या शब्दांत म्हणा: देवा, तूच माझं अंतःकरण तपास. ही नुसती औपचारिकता नव्हे. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बळकावली होती. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने संतापून श्रीमंताला शिक्षा फर्मावली. ती गोष्ट आपलीच आहे हे नाथानाने तोंडावर सांगेपर्यंत त्याला कळलं नाही. आपण सगळेच स्वतःचे फार चांगले वकील असतो.

दिवस तपासायला ७ मिनिटं. दिवसाचे चार तुकडे करा: उठल्यापासून घर सोडेपर्यंत, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीपर्यंत, सुट्टीनंतर ऑफिस सुटेपर्यंत, आणि घरी आल्यावर. प्रत्येक तुकड्यात पाप शोधायला जाऊ नका, खुणा शोधा. आवाज कुठे चढला? मागे कुणी आलं म्हणून स्क्रीन कुठे बदलली? गाडीत कुणाशी मनातल्या मनात भांडण चालू होतं? फोनवर कुणाचं नाव दिसताच कपाळाला आठी पडली? आणि उलट बाजूनेही: कुठे मन हलकं झालं, कुणासाठी गरज नसताना थांबलात? दोन्ही लिहा, दोन-दोन शब्दांत. मग त्यातली एकच नोंद निवडा. ३ मिनिटं क्षमेला, २ मिनिटं उद्याच्या निश्चयाला.

निवडलेली नोंद उकलायची कशी, ते एकदा जवळून बघू. समजा, वहीत आलं, ‘राग – धा.’ म्हणजे धाकटा. इथे थांबलात तर उद्याही हेच लिहाल. पूर्ण वाक्य करा: संध्याकाळी सव्वासातला गणिताच्या वहीवरून धाकट्यावर ओरडले. आता विचारा, त्याआधी काय घडलं होतं? चार वाजता जीएसटीच्या आकड्यांवरून साहेब सगळ्यांदेखत बोलले होते. तेव्हा मी काय केलं? हसून दाखवलं आणि गप्प बसले. त्या हसण्यामागे काय होतं? आकडा माझाच चुकला होता आणि ते कबूल करायची लाज वाटली. आता खरी नोंद सापडली: माझी चूक मान्य करण्याची लाज, आणि तिचा दंड भरला धाकट्याने. राग नुसता धूर होता, विस्तव तीन तास आधी, दुसऱ्याच जागी पेटला होता. क्षमा या वाक्याची मागा. निश्चयही आपोआप समोर येतो: आज रात्री मुलाशी बोलायचं, आणि उद्या सकाळी दहाला साहेबांना सांगायचं की कालचा आकडा माझ्याकडून चुकला होता, दुरुस्त करून ठेवला आहे. ‘उद्यापासून रागावणार नाही’ हा निश्चय टिकत नाही, कारण त्याला वेळही नाही आणि जागाही नाही.

क्षमा मागून मोकळं होणं आणि झालेलं नुकसान भरून देणं, यातला दुसरा भाग आपल्या मंडळ्यांमध्ये फार कमी शिकवला जातो, याची खंत वाटते. लूकच्या शुभवर्तमानातला (लूक १९) जकातदार जक्कय बघा. त्याने नुसतं ‘मी पापी आहे’ म्हटलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट, असे आकडेच सांगितले. तुम्ही चालत गेलात आणि ऑफिसच्या खर्चात रिक्षाचे ८० रुपये लावलेत, तर ते ८० रुपये पेटी कॅशमध्ये जमा करून त्याची पावती करा. ज्याचं घेतलं त्याला परत देणं खरोखरच शक्य नसेल, तर तेवढी रक्कम गरजवंताला द्या. पण ती तुमच्या दशमांशात (देवासाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागात) किंवा नेहमीच्या दानात धरू नका. ती आपली नव्हतीच.

शब्दांनी केलेलं नुकसान भरताना एक शब्द टाळायचा: ‘पण’. ‘मी चुकले, पण तूही अभ्यास करत नाहीस’ यात माफी उरत नाही, उरतो तो दुसरा हल्ला. मुलाशी बोलताना त्याच्या उंचीला खाली बसा, काय केलंत ते नाव घेऊन सांगा, आणि थांबा. चॉकलेट आणू नका. त्याला वाटेल की ओरडण्याची किंमत दहा रुपये आहे. सासूबाईंना पाहुण्यांसमोर टोचून बोलला असाल तर माफीही शक्यतो त्याच माणसांसमोर मागा. मात्र मनातल्या मनात कुणाचा हेवा केला असेल आणि त्या व्यक्तीला पत्ताच नसेल, तर तिला जाऊन सांगू नका. ती फक्त प्रभूची बाब. तिला सांगितलंत तर तुमचं ओझं तिच्या डोक्यावर जाईल.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, तुमच्यासाठी नसली तरी वाचणाऱ्या कुणासाठी तरी. घरात मारहाण होत असेल, छळ होत असेल, तर ‘माझं काय चुकलं’ असं त्यातून शोधत बसणं हे आत्मपरीक्षण नाही. दुसऱ्याचं पाप आपल्या खात्यावर घ्यायचं नसतं. तिथे मदत मागायची असते. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाईन क्रमांक आहे.

रोजच्या १५ मिनिटांसोबत आणखी एक छोटा सराव इग्नेशियस सांगतात: एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठल्यावर त्याची आठवण, दुपारी जेवणानंतर मोजणी, रात्री पुन्हा मोजणी. आठवड्याच्या प्रत्येक वाराला दोन ओळी आखायच्या आणि जितक्यांदा घसरलं तितके ठिपके द्यायचे. घसरल्याक्षणी हळूच छातीला हात लावायचा, आजूबाजूच्यांना कळणारही नाही इतका. मग आजची तुलना कालशी, हा आठवडा मागच्याशी. चार आठवडे तोच दोष, बदलायचा नाही. पहिल्या आठवड्यात ठिपके बहुधा वाढतात. घाबरू नका; घसरणं वाढलेलं नसतं, दिसायला लागलेलं असतं. पुष्कळ जण इथेच वही बंद करतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ज्या दोषाची लाज वाटते तो निवडणं. ज्याचा त्रास दुसऱ्याला होतो तो निवडा. मोबाईलची तुम्हाला लाज वाटते, पण वरच्या उदाहरणात धाकटा भोगतो आहे तो तुम्ही चूक मान्य न करण्याचा त्रास. तिथून सुरुवात करा.

बिघडतं कुठे? एक धोका परूशाचा, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाचा. लूक १८ मधला परूशी स्वतःची परीक्षा करतच होता, उपासांचा आणि दशमांशाचा हिशेबही बरोबर होता. फक्त त्याची नजर मंदिरात प्रार्थनेला आलेल्या, लोक पापी समजत त्या जकातदारावर होती. वहीत ‘निदान मी अमक्यासारखी नाही’ असा सूर दिसला की त्या दिवसाचं पान आभारावरच संपवा.

उलट धोका जास्त गंभीर आहे. काहींचं मन माफ झालेलं पाप पुन्हा पुन्हा उकरतं, कबुली दिली तरी सुटका वाटत नाही, १५ मिनिटांचे दोन तास होतात. खुद्द इग्नेशियस १५२२ मध्ये मान्रेसा इथे या दुखण्यात इतके बुडाले की जीव द्यावासा वाटू लागला. ते बाहेर पडले ते एक निर्णय घेऊन: गेल्या काळातल्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही. तुम्हाला अशी लक्षणं दिसली तर वही बाजूला ठेवा, फक्त पाच मिनिटं आभार माना, पाळकांशी बोला आणि डॉक्टरांनाही भेटा. अशा उकरण्यामागे कधी कधी उपचाराने बरा होणारा आजार असतो, आणि त्यासाठी औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. देवाकडून आलेलं दुःख आणि जगाचं दुःख यांतला फरक पौल २ करिंथ ७:१० मध्ये सांगतो: पहिलं पश्चात्तापाकडे आणि जीवनाकडे नेतं, दुसरं मरणाकडे. येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा दोघेही एकाच रात्री प्रभूशी चुकले, पेत्राने त्याला नाकारलं आणि यहूदाने धरून दिलं, आणि दोघांनाही पस्तावा झाला. पेत्र नंतर बाकीच्या शिष्यांत परत आला, यहूदा एकटा निघून गेला.

आता प्रभुभोजन. ज्या वचनाच्या भीतीने तुम्ही बाकावर बसून राहिलात ते पुन्हा सावकाश वाचा. स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, असं तिथे आहे. परीक्षेचा शेवट मेजापाशी जाण्यात आहे. पौल चिडला होता तो करिंथच्या मंडळीत श्रीमंत लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत म्हणून. ते २१व्या वचनात स्पष्टच आहे. ‘अयोग्य प्रकारे’ हे त्या वागण्याला उद्देशून आहे. लायक असलेला माणूस त्या मेजाशी आजवर एकही गेलेला नाही. मग आठवडाभर काय करायचं? मत्तय ५:२३-२४ धरा: भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं तर आधी समेट. म्हणून प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी वही चाळा, ज्याच्याशी बोलणं बाकी असेल त्याला फोन करा. त्याने उचलला नाही किंवा तोडून बोलला, तरी तुमच्याकडून हात पुढे झाला आहे, रविवारी जा. कॅथलिक वाचकांसाठी एवढंच, की गंभीर पाप झालं असेल तर आधी पापनिवेदन (धर्मगुरूपुढे कबुली), मग ख्रिस्तप्रसाद, ही तुमच्या ख्रिस्तसभेची शिस्त आहे आणि तीच पाळा.

आणि आता चाळिशीचा प्रश्न. नव्या करारात पापासाठी येणारा मुख्य शब्द ‘हमार्तिया’. त्याच्या मुळाशी अर्थ आहे नेम चुकणं. नेम चुकला असं म्हणायला आधी लक्ष्य हवं. लक्ष्य डोळ्यांसमोर नसलं की आत्मपरीक्षण म्हणजे चुकांची न संपणारी यादी होते, आणि तुमचं नेमकं तेच झालं आहे. लक्ष्य कोणतं याबद्दल परंपरांचं आश्चर्यकारक एकमत आहे. इग्नेशियस म्हणतात, माणूस देवाची स्तुती, आदर आणि सेवा करण्यासाठी घडवला आहे, बाकी साऱ्या गोष्टी त्याला मदत होईल तेवढ्याच घ्याव्यात. १६४७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या प्रोटेस्टंट धर्मशास्त्र्यांनी प्रश्नोत्तरांची सुरुवातच इथून केली: देवाचं गौरव करणं आणि त्याच्यात सर्वकाळ आनंद मानणं. हे सगळ्यांचं. त्यातला तुमचा वाटा कोणता, हे वहीतून कळतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी ४५ मिनिटं काढा आणि तीसही दिवस एका बैठकीत वाचा. जिथे मन हलकं झालं तिथे हिरवी खूण, जिथे आक्रसलं तिथे लाल. मग हिरव्या खुणांना एक चाळणी लावा: ते समाधान नंतर किती टिकलं? १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून घरी पडलेल्या इग्नेशियसना हाच फरक उमगला होता. शौर्याची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर कोरडं वाटायचं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की नंतरही आनंद मागे राहायचा. वेब सिरीजचा शेवटचा भाग बघून झाल्यावर रात्री साडेबाराला कसं वाटतं आणि शेजारच्या आजींचं पेन्शनचं काम करून दिल्यावर दुसऱ्या दिवशी कसं वाटतं, हे तुमच्याच अक्षरात तुमच्यासमोर असेल. तीन महिन्यांत दोन-तीन गोष्टी परत परत हिरव्या दिसतात. तो धागा पकडा.

मग हेतूचं एक वाक्य लिहा. ‘देवासाठी जगायचं आहे’ हे वाक्य नको. कुणासाठी, काय, कधी, किती दिवस, हे सगळं त्यात हवं. उदाहरणार्थ: ‘पुढचे सहा महिने दर शनिवारी चार ते सहा मंडळीतल्या दहावीच्या मुलांना गणित शिकवीन.’ किंवा: ‘महिन्यातून दोन रविवारी खारघरच्या कॅन्सर रुग्णालयात गावाहून आलेल्या एखाद्या कुटुंबाला भेटून कागदपत्रं भरायला मदत करीन.’ आकडे आणि कागद हे तुम्हाला मिळालेलं दान आहे. ते दान आहे हे अकाउंट्सवाल्यांना कधी पटत नाही. वाक्य पाळताना तुमची झोप आणि मुलांची जेवणं मोडत असतील तर वाक्य लहान करा. सहा महिन्यांनी पुन्हा वहीशी ताडून बघा आणि चुकीचं निघालं तर बिनदिक्कत बदला. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जाणं हाच खरा हेतू, ही समजूत मात्र मनातून काढा. इफिस २:१० मधली सत्कृत्यं देवाने आधीच योजून ठेवलेली आहेत, आणि त्यातली बरीचशी तुमच्या टेबलावरच असणार.

१३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिस यांच्या संघातले) धर्मबंधू मारले गेले, तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे साथी. ते निघाले होते चीनकडे. ठाणं त्यांच्या योजनेत नव्हतं, जहाजाने त्यांना इथे आणलं आणि त्यांच्या विश्वासाचा कस लागला तो इथेच. कोपरखैरणे आणि ठाण्याच्या मधलं आयुष्य म्हणजे खरं आयुष्य सुरू होण्याआधीचं वेटिंग रूम आहे, असं तुमच्या पत्रात दोन ठिकाणी जाणवलं, म्हणून हे लिहिलं.

शेवटचं काम म्हणजे सोबत शोधणं. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो. नवरा किंवा अगदी जवळची मैत्रीण नको. त्यांच्यासमोर आपण नकळत गोष्ट सावरून सांगतो. मंडळीतली एखादी वयाने मोठी बाई बघा, जी ऐकताना मधे बोलत नाही आणि जिच्याकडून आजवर दुसऱ्या कुणाचं गुपित तुमच्या कानावर आलेलं नाही. महिन्यातून एकदा, एक तास. वहीतली तीन पानं मोठ्याने वाचायची: एक हिरवं, एक लाल, आणि एक जे वाचू नये असं वाटतं ते.